जाहिरातीत पगाराचा आकडा छापा, आणि हातात किती पडतात ते पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या अंकातलं छोट्या जाहिरातींचं पान मी गेले चार महिने पेन हातात घेऊन वाचतीय. त्या पानावर एका बाजूला 'पाहिजेत' असतं आणि दुसऱ्या बाजूला 'भाड्याने देणे आहे'. भाड्याच्या बाजूला बहुतेक सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं, कॉट बेसिस 6,500, डिपॉझिट एक महिना, मेस वेगळी, लाइटबिल वाटून. आणि नोकरीच्या बाजूला काय, तर 'पगार आकर्षक', 'पगार योग्यतेनुसार', 'पगार समक्ष'. म्हणजे पुण्यात राहायला मला किती पैसे लागणार ते घरबसल्या कळतं, पण इथं काम करून मला किती मिळणार हे मात्र तिथपर्यंत जाऊन, तासन्‌तास बसून, परीक्षा देऊन मगच कळतं. मला या एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय. पत्र मोठं होणार आहे, तुमच्याकडं जागा कमी असते हे माहिती आहे, कापायचं झालं तर माझ्याबद्दलचं कापा पण हिशोब कापू नका एवढी विनंती.

मी मूळची बार्शीची. वडील, म्हणजे अण्णा, मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी आहेत, तीसेक वर्षं तेच काम, त्यामुळं रोजमेळ, खतावणी, नावे-जमा हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. एम.कॉम. केलं, टॅली शिकले, जीएसटीची रिटर्न भरायला शिकले आणि गावातच एका टॅक्सचं काम करणाऱ्यांच्या ऑफिसात दोन वर्षं नोकरी केली. पगार 9,000. घरी राहायचं, घरचं जेवायचं, ऑफिसला चालत जायचं, त्यामुळं त्या नऊ हजारातले चार हजार मी आईच्या हातात ठेवायचे आणि तरी माझं व्यवस्थित भागायचं. पण तिथं पुढं वाढ नव्हती, ऑफिसात सगळे मिळून तिघंच, आणि अण्णाच म्हणाले की तू पुण्याला जा, इथं राहून तू माझ्यासारखीच दिवाणजी होशील. म्हणून मागच्या वर्षी आले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून मुलाखतीला चार वेळा येणंजाणं तरी परवडलं, माझ्या भावाला असं यायचं असतं तर पूर्ण तिकिटात अवघड होतं.

इथली पहिली नोकरी पेठेतल्या एका ऑफिसात मिळाली, 12,500. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, नऊचे साडेबारा म्हणजे मोठी उडी वाटली होती. मग महिना सुरू झाला. कर्वेनगरला तिघींच्या खोलीत एक कॉट 6,500. मेस दोन वेळची 3,400, त्यात रविवारी संध्याकाळी बंद. पीएमपीचा महिन्याचा पास 1,500, जून 2025 च्या आधी तोच पास 900 ला मिळायचा. सकाळचा चहा-नाश्ता कितीही आवरला तरी 900. मोबाईलचा रिचार्ज 300, आणि तो पण 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला बारा नाही तेरा रिचार्ज होतात. साबण, पॅड, कपडे धुणं असलं सगळं मिळून 700, औषधपाण्याला 400 बाजूला काढून ठेवायचे, आणि महिन्यातून एकदा घरी जायला अर्ध्या तिकिटात येऊन जाऊन 400. बेरीज करा, 14,100 होतात. यात एक ड्रेस नाही, चप्पल तुटली तर चप्पल नाही, मैत्रिणीच्या लग्नाला जायचं झालं तर आहेर नाही, आणि सुरुवातीला जे एक महिन्याचं डिपॉझिट भरलं ते पण यात धरलेलं नाही.

12,500 मध्ये 14,100 कसे बसवायचे हे जगातल्या कुठल्याच अकाउंटंटला जमणार नाही. मग अण्णा दर महिन्याला 2,500 पाठवायला लागले. अण्णांचा स्वतःचा पगार 14,000 आहे. आईला लाडक्या बहिणीचे जे 1,500 येतात ते थेट माझ्या बसच्या पासाला जातात हे मला खूप उशिरा कळलं, ती अण्णांच्या हातात देते आणि ते त्यात 1,000 घालून मला पाठवतात. सात महिने ती नोकरी केली. ऑफिसनं मला सात महिन्यांत 87,500 दिले आणि घरच्यांनी 17,500. एक लाख पाच हजारांतले साडेसतरा म्हणजे बरोबर सहावा हिस्सा. मी त्या खुर्चीवर बसून त्यांची बिलं चढवावीत, त्यांचं रिटर्न वेळेत जावं, यासाठी मला जगवायला जो खर्च येत होता त्यातला दर सहा रुपयांमागं एक रुपया बार्शीतला एक दिवाणजी आणि त्याची बायको भरत होते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर खर्च ऑफिसचा आणि नावे टाकला अण्णांच्या खात्याला. आणि ही फक्त माझी गोष्ट नाही, आमच्या होस्टेलवर बावीस मुली आहेत, लातूरच्या, नगरच्या, परभणीच्या, एक चंद्रपूरची आहे, त्यातल्या नोकरी करणाऱ्या निम्म्याहून जास्त जणींना घरून पैसे येतात. नोकरी लागल्यावर! शिकत असताना नाही, लागल्यावर.

नंतर त्या ऑफिसनं अकाउंटचं काम बाहेर द्यायचं ठरवलं आणि मी परत शोधायला लागले. चार महिने झाले, 17 मुलाखती झाल्या. वहीत लिहून ठेवल्यात तारखेनिशी, किती वाजता बोलावलं, किती वाजता घेतलं, जायला यायला किती लागले, पगार कधी सांगितला. 17 पैकी फक्त तिघांनी फोनवर आकडा सांगितला. बाकीच्या चौदा ठिकाणी मी विचारलं की सर, अंदाजे रेंज काय आहे, तर 'तुम्ही आधी या तर खरं', 'पगाराचं काय, काम महत्त्वाचं', 'आल्यावर बोलू', आणि एका बाईंनी तर मला सांगितलं की आधीच पगार विचारणाऱ्या मुली आम्ही घेत नाही.

त्यातली चाकणची सांगते. सकाळी साडेसातला निघाले, कर्वेनगरहून मनपा, मनपाहून भोसरी, भोसरीहून चाकण. शहरापुरता दिवसाचा पास 70 ला मिळतो पण चाकण हद्दीबाहेर म्हणून 150 चा काढावा लागला. अकराची वेळ दिली होती, आत बोलावलं सव्वा एकला. तक्रार नाही, कारखाना आहे, गडबड असते. मग त्यांनी कॉम्प्युटरवर बसवलं आणि चांगली अर्धा-पाऊण तासाची टेस्ट घेतली, बँक रिकन्सिलिएशन, खरेदीची बिलं टू-बी शी, म्हणजे जीएसटीच्या साइटवर दिसणाऱ्या आपल्या खरेदीच्या यादीशी, जुळवून फरक काढायचा, कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावर टीडीएस किती, वाहतुकीच्या बिलाचं काय. मी एक चूक सोडली तर सगळं बरोबर केलं आणि ते साहेब स्वतः म्हणाले की मुलगी तयार आहे. मला इतकं बरं वाटलं. मग विचारलं, एक्सपेक्टेशन? मी म्हटलं 20. ते काही बोलले नाहीत, कॅल्क्युलेटर बाजूला सरकवला आणि म्हणाले आमचं या पोस्टचं बजेट 13 चं आहे. मी विचारलं की सर राहायचं काय, मी कर्वेनगरला राहते, रोज येऊन जाऊन साडेपाच तास जातील. तर म्हणाले, इथंच खोली बघा ना, आमच्या बाकीच्या मुली इथंच राहतात. बाकीच्या मुली म्हणजे कुणाचं माहेर राजगुरुनगर, कुणाचं सासर चाकण. त्या घरी राहतात! घरच्या घरी राहणारीला तेरा हजार आणि खोली घेऊन राहणारीला तेरा हजार हा एकच आकडा आहे का? मी परत आले तेव्हा साडेसहा वाजले होते. त्या दिवशीचे वहीत 150 पास, 60 जेवण, 20 बायोडाटाच्या प्रिंट असे 230 लिहिलेत. एक दिवस गेला तो कुठं लिहायचा माहिती नाही. हा 13 चा आकडा मला आदल्या दिवशी फोनवर सांगितला असता तर त्यांचा पाऊण तास वाचला असता आणि माझा अख्खा दिवस.

आता हातात किती पडतात त्याबद्दल, कारण हे आई-वडिलांना सोडाच, शिकलेल्या पोरांना पण कळत नाही, मी अकाउंटचीच आहे म्हणून मला कागद वाचता येतो. एका कंपनीनं मला 15,000 ची ऑफर दिली. 15,000 म्हणजे घरच्या हिशोबाला 14,100 जाऊन 900 उरतात, चला, निदान घरून मागायला नको, असं मी धरलं. मग ईमेल आला त्यात लिहिलेलं, सीटीसी 15,000. सीटीसी म्हणजे कंपनीला माझ्यावर येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीनं भरायचा पीएफ पण माझ्याच पंधरात धरलेला, कंपनीनं भरायचा ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता, तो पण माझ्याच पंधरात. कागदावर पगार 12,900, कंपनीचा पीएफ बाकीच्या चार्जेससकट 13 टक्क्यानं 1,677, कंपनीचा ईएसआय सव्वातीन टक्क्यानं 420, झाले पंधरा. मग त्या 12,900 मधून माझ्या वाट्याचा पीएफ 12 टक्के म्हणजे 1,548 आणि ईएसआय 97 कापायचा. हातात उरले 11,255. प्रोफेशन टॅक्स बायकांना 25,000 पर्यंत नाही म्हणून तेवढा वाचला, माझ्या जागी मुलगा असता तर अजून 200 गेले असते. म्हणजे 'पंधरा हजार' ऐकून जी नोकरी मला परवडेल असं वाटलं होतं ती पहिल्या साडेबारा हजारांच्या नोकरीपेक्षा हातात जवळजवळ साडेबाराशेनं कमी होती.

पीएफ माझाच पैसा आहे, म्हातारपणी कामाला येणार आहे, ईएसआयमुळं दवाखाना मिळतो, हे मला मान्य आहे आणि कायदा असायलाच पाहिजे, माझ्या पहिल्या ऑफिसात यातलं काहीच नव्हतं. माझं म्हणणं एवढंच की कॉटचं भाडं पीएफमधून देता येत नाही. जी गोष्ट कंपनीनं भरायची आहे ती कंपनीच्या खर्चात दाखवा, मला पगार म्हणून सांगू नका. नोव्हेंबर 2025 पासून नवीन श्रम संहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं बंधनकारक केलंय, चांगलं केलं. पण नियुक्तीपत्र हातात पडतं तेव्हा माणूस गाव सोडून, डिपॉझिट भरून, दुसऱ्या दोन ठिकाणी नाही सांगून आलेला असतो. त्याला आकडा त्याच्या आधी पाहिजे.

दुसरी एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त लागली ती म्हणजे आधीचा पगार. प्रत्येक ठिकाणी, अगदी प्रत्येक ठिकाणी, पहिला प्रश्न 'करंट किती होता'. बार्शीचे 9,000 सांगितले की त्याच्यावर टक्के लावायला सुरुवात. पहिल्या नोकरीच्या वेळी मला हेच ऐकवलं होतं, बघा, तुम्हाला जवळजवळ चाळीस टक्के वाढ देतोय, चाळीस टक्के कुणी देत नाही. अहो पण ते 9,000 बार्शीतले होते, ज्या गावात माझी खोली फुकट होती, जेवण फुकट होतं आणि बसचं तिकीट शून्य होतं! भाडं शून्यावरून साडेसहा हजार झालं त्याला किती टक्के वाढ म्हणायची? माझ्या कामाची किंमत त्यांना टेस्ट घेऊन कळली होती, मग ती जुन्या पगारावरून का काढायची हे मला आजपर्यंत कुणी समजावून सांगितलं नाही. आणि एकदा खालच्या पायरीवर लागलं की पुढची प्रत्येक नोकरी त्याच पायरीवरून मोजली जाते, माणूस दहा वर्षं मागं राहतो. युरोपियन युनियननं 2023 मध्ये यावर नियम केलाय, उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही आणि मुलाखतीच्या आधी सुरुवातीचा पगार किंवा त्याची रेंज सांगायची, सदस्य देशांना तो आपापल्या कायद्यात आणायला 7 जून 2026 ची मुदत दिली होती. न्यूयॉर्क शहरात तर नोव्हेंबर 2022 पासून चार किंवा जास्त माणसं कामाला असतील तर जाहिरातीतच पगाराची रेंज लिहावी लागते. चार माणसं! माझ्या बार्शीच्या ऑफिसापेक्षा एकच जास्त. आपल्याकडं खाजगी नोकरीच्या जाहिरातीला अशी काही सक्ती नाही.

राहण्याचा खर्च गावागणिक वेगळा असतो ही गोष्ट आपल्याकडं कुणाला माहिती नाही असं पण नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग केलेत, एक्स, वाय, झेड. पुणे एक्समध्ये, सोलापूर वायमध्ये, आमची बार्शी झेडमध्ये. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून हा भत्ता मूळ पगाराच्या 30, 20 आणि 10 टक्के आहे. म्हणजे तोच कारकून बार्शीहून पुण्याला बदलून आला तर त्याचा घरभाडे भत्ता तिप्पट होतो, त्याला कुणी विचारत नाही की तुमचं बार्शीत भागत होतं ना. महागाई भत्ता वर्षातून दोनदा बघतात. आपल्या राज्याच्या किमान वेतनात सुद्धा परिमंडळं केलेली आहेत, मोठ्या शहरांचा आकडा वेगळा, छोट्या गावांचा वेगळा, आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी किमतींच्या निर्देशांकाप्रमाणं बदलतो. एम.कॉम.ला आम्हाला होतं की 1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतन कसं काढायचं ते ठरलं, मोठ्या माणसाला दिवसाला 2,700 कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, जळण आणि दिवाबत्ती. पुढं 1991 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यात मुलांचं शिक्षण, औषधोपचार वगैरेसाठी 25 टक्के धरायला सांगितलं. म्हणजे पगार काढायची सुरुवात माणूस खातो काय, राहतो कुठं इथून करायची ही गोष्ट माझ्या आईच्या जन्माच्या आधी या देशात ठरलेली आहे. मग 'आमचं बजेट एवढंच' ही सुरुवात कुठून आली? परीक्षेत मी याच प्रश्नाला चांगले मार्क मिळवले होते, तेव्हा वाटलं नव्हतं की एक दिवस वहीत स्वतःचीच बेरीज मांडायला लागेल.

माझा भाऊ बार्शीला अभ्यासिकेत बसतो, तलाठी आणि पोलीस भरती दोन्ही. लोक म्हणतात पोरांना सरकारी नोकरीचं वेड लागलंय, 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते. मी त्याला एकदा रागानं म्हटलं की किती वर्षं यात घालवणार, ये इकडं, काहीतरी काम कर. त्यानं मला जाहिरात दाखवली. तलाठी, वेतनश्रेणी 25,500 ते 81,100, अधिक नियमानुसार भत्ते. म्हणाला, ताई, हे बघ, लिहिलंय. तुझ्यासारखं जाऊन विचारावं लागत नाही. मला उत्तर देता आलं नाही. नोकरीची शाश्वती वगैरे सगळं आहेच पण त्या पोरांना ओढणारी एक साधी गोष्ट ही पण आहे की तिथं आकडा छापलेला असतो, त्या आकड्यावर घर चालेल का नाही याचा हिशोब घरी बसून करता येतो.

आयटीवाल्यांचं बरं असतं असं मला पण वाटायचं. माझी रूममेट बी.ई. आहे, हिंजवडीला लागली, साडेतीन लाखाचं पॅकेज. माझा चुलतभाऊ 2012 मध्ये लागला होता तेव्हा त्याचं सव्वातीन होतं. त्याला तेव्हा कॉट अडीच हजारात मिळाली होती. ती अजून एज्युकेशन लोनचा हप्ता भरतीय, आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून द्यायचा हिस्सा, म्हणून जे पॅकेजमध्ये मोजलंय ते तिला अजून मिळालेलं नाही.

मुलींना अजून एक ऐकावं लागतं. 'तुम्हाला काय, लग्न होईपर्यंतच करायचंय', 'घरी बसण्यापेक्षा अनुभव', 'पप्पा काय करतात'. शेवटचा प्रश्न मला सहा ठिकाणी विचारला. सुरुवातीला वाटायचं ओळख काढतायत, नंतर लक्षात आलं की कमी पगारात भागवायला मागं कुणी आहे का ते बघतायत. दोन ठिकाणी तर पहिले तीन महिने ट्रेनिंग, पगार नाही, आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करायला सांगितल्या. मी दिल्या नाहीत. ज्यांना गरज जास्त आहे त्या देतात, माझ्या ओळखीत एकीनं दिल्यात आणि आता ती सोडू शकत नाही.

मालकांची बाजू मला दिसत नाही असं नाही, मी त्यांचीच पुस्तकं लिहिते. छोट्या कारखान्याची उधारी कशी अडकते, मोठी कंपनी बिल नव्वद-नव्वद दिवस कसं ठेवते, महिन्याच्या सात तारखेला पगारासाठी मालक ओव्हरड्राफ्टवर कसा जातो हे मी डोळ्यांनी बघितलंय, पेठेतले माझे साहेब एखाद्या महिन्यात स्वतः काही न घेता आमचा पगार करायचे. अशा माणसाकडं खरोखर तेराच हजार असतील. मग तेरा लिहा ना. तेरा लिहिलं तर जिचं घर जवळ आहे, जिला चार तासांचं काम पाहिजे, जी नुकतीच पास झालीय ती येईल, आणि जिला चौदा हजार तर नुसते जगायला लागतात ती येणार नाही, दोघांचाही वेळ वाचेल. आणि कुणीच आलं नाही तर मालकाला पण कळेल की पुण्यात तेरामध्ये अकाउंटंट मिळत नाही. आत्ता ते कळत नाही कारण आकडा झाकलेला असल्यामुळं आम्ही पन्नास जणी जातो, त्यातली एखादी अगदी टेकीला आलेली 'हो' म्हणते, आणि त्यांना वाटतं की बाजारभाव तेराच आहे.

आता तुमच्याकडं मागणं, म्हणून तर सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिलं. कायदा व्हायला वर्षं लागतात, तुम्हाला पुढच्या रविवारपासून करता येईल. छोटी जाहिरात तुम्ही शब्दांवर नाहीतर ओळींवर पैसे घेऊन छापता. तर पगाराचा आकडा असलेल्या ओळीचे पैसे घेऊ नका. 'हातात दरमहा अमुक इतके, पीएफ आहे किंवा नाही, कामाची वेळ, सुट्टीचा वार' एवढी एक ओळ जो देईल त्याला ती फुकट. आणि 'पगार आकर्षक' हे दोन शब्द तुमच्या काउंटरवरच्या माणसानं घ्यायचेच नाहीत असं ठरवा. भाड्याच्या जाहिरातीत 'भाडं आकर्षक' असं कुणी लिहून आणलं तर तुम्ही पण विचाराल ना की अहो किती ते लिहा. जाहिरातदार दुसरीकडं जाईल अशी भीती असेल तर सुरुवातीला फक्त एक वेगळी चौकट करा, पगार सांगणाऱ्या नोकऱ्या, आणि ती पानाच्या वरच्या बाजूला घ्या. आमच्या होस्टेलवरच्या बावीस मुली रविवारी सकाळी आधी तीच चौकट वाचतील हे मी तुम्हाला लिहून देते. तुम्ही दर वर्षी दहावी-बारावीचा निकाल, करिअर मार्गदर्शन, कुठल्या कोर्सला किती स्कोप असल्या पुरवण्या काढता, त्यात स्कोपच्या शेजारी पहिल्या वर्षी हातात किती येतात आणि कुठल्या शहरात किती लागतात हा रकाना पण घाला. माझ्या बारावीच्या वेळी तो असता तर मी कॉमर्सच घेतलं असतं, मला हे काम आवडतं, पण पुण्याला येताना डिपॉझिटची आणि पहिल्या तीन महिन्यांची सोय करून आले असते, अण्णांना ऐनवेळी आडतीवरून उचल घ्यावी लागली नसती.

अशी जाहिरात कुणी देतच नाही असं पण नाही. परवाच्या रविवारी तुमच्याच पानावर खाली कोपऱ्यात धायरीच्या एका वर्कशॉपची होती. अकाउंटंट, टॅली व जीएसटी, पगार 18,000, कंपनीचा पीएफ वेगळा, 9 ते 6, रविवार सुट्टी. मी वहीत लगेच मांडलं, माझ्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय जाऊन 15,700 च्या आसपास हातात येतात, चौदा हजार शंभर गेले तरी थोडे उरतात. फोन केला तर एक वयस्कर काका बोलले, म्हणाले पोरी सकाळपासून सत्तर फोन आलेत, पण तू ये मंगळवारी, टेस्ट घेणार आहे. कर्वेनगरहून धायरीला जायला दोन बस लागतात. मी जाणार आहे.

आपली वाचक,
कर्वेनगर, पुणे (मूळ गाव बार्शी)

ता.क. नाव छापू नये ही विनंती, नोकरी अजून शोधतीय. नाव, पत्ता आणि फोन नंबर पाकिटात वेगळा लिहून ठेवलाय.